तुरट चवीची पार्श्वभूमी: बाळगुटी, चप्पल आणि कॉफी

बेळगावात काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीचं सामान मागितलं की पुडीत हिरडा, मायफळ, वेखंड, मुरुडशेंग असं काय काय येतं. सहाणेवर प्रत्येकाचे ठरलेले वेढे द्यायचे आणि बाळाला चाटवायचं. आता बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको म्हणतात, तो विषय वेगळा. पण कॉफीच्या डब्यांवर आणि काढ्याच्या बाटल्यांवर आज जो ‘अँटिऑक्सिडंट’ (हवेतल्या ऑक्सिजनने होणारा बिघाड रोखणारा) शब्द मिरवतो, त्याचा आणि त्यामागच्या वनस्पतींतल्या फिनॉलिक आम्लांचा माग काढायचा तर सुरुवात या पुडीपासूनच करावी लागते.

मायफळ हे मुळात फळच नव्हे. ओकच्या झाडावर एका किडीने अंडी घातली की फांदीला येणारी ती गाठ. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले याने १७८६ मध्ये अशा गाठींतून एक आम्ल वेगळं केलं. इंग्रजीत गाठीला ‘गॉल’ म्हणतात, म्हणून ते गॅलिक आम्ल. फिनॉलिक आम्लांच्या, म्हणजे बेंझिनच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट असलेल्या आम्लांच्या, मोठ्या कुळातलं हे सगळ्यांत आधी हाती लागलेल्यांपैकी एक.

हिरडा मात्र आपल्या जवळचा. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलात तो रानोमाळ आहे. हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचं विघटन झालं की गॅलिक आणि एलॅजिक आम्लं सुटी होतात. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. जिभेवर ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, तोंड कोरडं पडल्यासारखं होतं आणि आपण म्हणतो, ‘तुरट लागलं.’ कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला धरलं तर कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. अथणी, निपाणीकडे होणाऱ्या कोल्हापुरी चपलेचं चामडं पिढ्यान्‌पिढ्या हिरडा आणि बाभळीची साल वापरूनच कमावलं गेलं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव धरून कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत. चप्पल कुणाची यावर वाद घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

कॉफी आपल्या बेळगावाकडे पिकत नाही. ती चिकमगळूर, हासन, कोडगूची. तिच्यातल्या आम्लाचा शोध युरोपात लागला. फ्रान्समध्ये १८३७ मध्ये कच्च्या बियांत एक आम्ल असल्याची नोंद झाली आणि १८४६ मध्ये आन्सेल्म पायेन याने त्याला क्लोरोजेनिक नाव दिलं. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं, यात क्लोरीन असणार. अजिबात नाही. ‘क्लोरोस’ म्हणजे ग्रीक भाषेत हिरवट. अल्कलीत हवा लागली की हे आम्ल हिरवं होतं, म्हणून हे नाव. पुढे ह्लासिवेट्झ या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे तुकडे करून कॅफेइक आम्ल मिळवलं. नाव कॉफीवरून आलं, पण कॅफीनशी त्याचं रासायनिक नातं काही नाही. याच ह्लासिवेट्झने १८६६ मध्ये बार्थबरोबर आणखी एक आम्ल वेगळं केलं होतं, तेही चक्क हिंगातून. हिंगाच्या झाडाचं शास्त्रीय नाव फेरुला, म्हणून ते फेरुलिक आम्ल. फोडणीतल्या चिमूटभर हिंगाची ही ओळख आपल्या स्वयंपाकघरात कुणाला नसते. क्लोरोजेनिक आम्लाची रचना, म्हणजे कॅफेइक आणि क्विनिक आम्लांची जोडी, १९३२ मध्ये नक्की झाली.

गंमत अशी की शेतमालात हे आम्ल बराच काळ उपद्रवीच ठरत आलं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आई फोडी पाण्यात टाकते. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल भरपूर. पेशी फुटली की एंझाइम आणि हवा मिळून त्याचं तपकिरी द्रव्य करतात. निपाणीच्या तंबाखूच्या पानातही हेच आम्ल असतं, आणि पान सुकताना तपकिरी होण्यात त्याचा वाटा असतो. म्हणून तंबाखूला आरोग्यदायी म्हणायला अजून कुणी धजावलेलं नाही, हे नशीब.

‘अँटिऑक्सिडंट’ ही कल्पनाही आरोग्याच्या दारातून आलेली नाही. रबर विरू नये, तेल-तूप खवट होऊ नये, या चिंतेतून ती वाढली. ही आम्लं आपल्या हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन मुक्तकणाला, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनमुळे अस्थिर झालेल्या कणाला, देऊन टाकतात; उरलेला एकटा इलेक्ट्रॉन बेंझिनच्या कड्यावर पसरतो आणि बिघाडाची साखळी तिथेच तुटते. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन याने म्हातारपणाचं कारण मुक्तकण असावेत असं मांडलं, तेव्हा हा कारखान्यातला शब्द शरीरात शिरला. १९५८ मध्ये ब्लॉइसने डीपीपीएच हा जांभळा रंग वापरून चाचणी दिली: अर्क घातला आणि रंग पिवळा पडला की अर्क गुणी. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी वाइनसाठी एकूण फिनॉल मोजायची रीत बसवली. तीच आज वनस्पतींवरच्या असंख्य प्रबंधांत असते, आणि उत्तर बहुधा गॅलिक आम्लाच्या मापात येतं.

काचेच्या नळीतले हे आकडे पोटात तसेच लागू होतात का, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा आपला तक्ता २०१२ मध्ये काढून घेतला. नळीतल्या आकड्यावरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही, असं कारण दिलं. कॉफीचा हिशेब तर भाजण्यापासूनच बिघडतो. बी जितकी काळी भाजाल तितकं क्लोरोजेनिक आम्ल जळतं, काहीचं कडू लॅक्टोन होतं. त्यात आपल्या फिल्टर कॉफीत चिकोरी, कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत चालते. उरलेलं पोटात गेलं तरी लहान आतड्यात शोषलं जातं ते जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचं मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतं, आणि ते त्याची वेगळीच लहान आम्लं करून टाकतात.