दोन खांब आणि एक वजाबाकी

‘पुढील फाट्यापर्यंत १२ मिनिटे’ असा आकडा दाखवणारा फलक लागला, की रस्त्याकडेच्या खांबावरची, ब्लूटूथवरून गाड्यांचा प्रवासवेळ मोजणारी पेटी आपलं फोनवरचं बोलणं ऐकते अशी अफवा पाठोपाठ येतेच. तिला ते जमणारच नाही. तिला कळतो फक्त मॅक पत्ता, म्हणजे ब्लूटूथ उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा, १२ हेक्साडेसिमल (० ते ९ आणि ए ते एफ) अंकांचा क्रमांक. तो एका खांबाजवळ ९ वाजून १४ मिनिटं ५ सेकंदांनी दिसला आणि ४.२ किलोमीटर पुढच्या खांबाजवळ ९ वाजून २१ मिनिटं १७ सेकंदांनी. वजाबाकी ४३२ सेकंद, वेग ताशी ३५ किलोमीटर. दोन्ही घड्याळं जीपीएसवरून जुळवलेली असली की झालं. एवढ्यालाच ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणून विकणारेही आहेत!

खरी गंमत आहे ती पत्ता ‘दिसतो’ कसा यात. पेटी हाक मारते आणि गाडीतलं हँड्सफ्री ‘ओ’ देतं. पण हाक कुठल्या फ्रिक्वेन्सीवर मारायची आणि कुठे कान द्यायचा, हे दोघांनी आधी ठरवलेलं नसतं. म्हणून पेटी ३२ फ्रिक्वेन्सींवर हाका मारते, १६-१६ च्या दोन माळा करून. एक माळ १० मिलिसेकंदांत संपते. तीच २५६ वेळा म्हणायची, म्हणजे २.५६ सेकंद, मग दुसरी, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. एकूण १०.२४ सेकंद. इकडे गाडीतलं उपकरण बॅटरी वाचवत असतं. ते साधारण १.२८ सेकंदांतून एकदा, फक्त ११.२५ मिलिसेकंद, एकाच फ्रिक्वेन्सीवर कान देतं. ११.२५ च का? कारण १० मिलिसेकंदांची अख्खी माळ त्यात मावते. आपली फ्रिक्वेन्सी चालू माळेत असेल तर हाक ऐकू येणार, नसेल तर माळ बदलेपर्यंत वाट पाहायची. शिवाय सगळ्यांच्या ‘ओ’ एकदम येऊन आदळू नयेत म्हणून प्रत्येक जण मध्ये यादृच्छिक विश्रांती घेतो, जास्तीत जास्त १०२३ खाचांची. एक खाच ६२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे विश्रांती सुमारे ०.६४ सेकंदांपर्यंत.

आता हे रस्त्यावर आणा. अँटेनाचा पल्ला दोन्ही बाजूंना १०० मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी ते २०० मीटर ७.२ सेकंदांत ओलांडते. हाकांची फेरी संपण्याआधीच ती निघून गेलेली असू शकते. सापडली तरी खांबाच्या अलीकडे की पलीकडे, हे कळत नाही. दोन्ही टोकांची चूक मिळून २०० मीटरपर्यंत जाते. खांब १ किलोमीटरवर असतील तर ती २० टक्के, ५ किलोमीटरवर असतील तर ४ टक्के. म्हणून खांब फार जवळ रोवू नयेत.

चौकात आणखी एक फसगत होते. सिग्नलला थांबलेली गाडी अनेकदा सापडते, मग कोणती नोंद धरायची? पहिली ते पहिली धरली तर मागच्या सिग्नलचं थांबणं मोजलं जातं, शेवटची ते शेवटची धरली तर पुढच्याचं. एकीकडे पहिली आणि दुसरीकडे शेवटची घेतली, तर लागोपाठच्या तुकड्यांत एकाच चौकातला थांबा दोनदा मोजला जातो. कोणतीही धरा, सगळ्या खांबांवर तीच.

आलेले वेळ ४१०, ४३२, ४४०, ४५५ आणि २९०० सेकंद असतील, तर शेवटची गाडी वाटेत पंपावर थांबलेली असणार. सरासरी ९२७ येते, मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ४४०. त्यामुळे फलकावर मध्यकच द्यावा. बसमधल्या अनेक फोनांचे सारखे वेळ मात्र मध्यकालाही ओढून नेतात. असे पत्ते दोन्ही खांबांवर जोडीने दिसतात, ते गटाने एकच वाहन म्हणून मोजावे लागतात.

कोंडी सुरू होताना दुखणं वेगळंच असतं. पुढच्या खांबाशी पोचलेल्या गाड्यांचेच वेळ हातात येतात, अडकलेल्यांचे अजून आलेलेच नसतात. त्यामुळे फलक काही मिनिटं खोटं आश्वासन देतो, आणि कोंडी सुटल्यावर उगाच घाबरवतो.

पत्ता साठवताना त्याचं हॅश करतात, म्हणजे गणिती सूत्राने त्याचं वेगळ्याच आकड्यात रूपांतर करतात, पण नुसतं हॅश पुरत नाही. पत्त्याचे पहिले २४ बिट निर्मात्याचे, उरलेल्या २४ चे पर्याय फक्त १,६७,७७,२१६. साध्या संगणकावर ते झटक्यात तपासून मूळ पत्ता काढता येतो. म्हणून हॅश करण्याआधी पत्त्याला गुप्त ‘मीठ’, म्हणजे एक यादृच्छिक आकडा, लावायचं, आणि ते रोज बदलून जुनं पुसून टाकायचं.

वायफायवर हाच खेळ आता अवघड झालाय. २०१४ साली आयफोनच्या आयओएस ८ या प्रणालीपासून फोन जोडणी शोधताना बनावट पत्ते वापरू लागले. पत्त्यातला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असला, तर तो कारखान्यातला नव्हे. अशा नोंदी जोड्या लावण्याआधीच गाळायच्या.