स्लाइड ग्लोव्हचा पक: वेल्क्रो, स्क्रू आणि चांभाराची आरी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लाँगबोर्डसाठी, म्हणजे उतारावरून चालवायच्या लांब स्केटबोर्डसाठी, स्लाइड ग्लोव्ह घरी बनवणारी मुलं-मुली मोजकीच आहेत, पण त्यांच्यात एक वाद बरीच वर्षं चालू आहे. पक, म्हणजे रस्त्यावर हात टेकून घसरता यावं म्हणून या हातमोज्याच्या तळव्याखाली असलेला कडक, जाड तुकडा, वेल्क्रोने लावायचा की स्क्रूने आवळायचा? बाहेरच्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल. तो इतका का चिघळला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्केटबोर्डला युरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची चाकं आली. त्याआधीची लोखंडी आणि क्लेची चाकं बारीक खड्यालाही अडकून बसायची. युरेथेनने पकड दिली, त्यामुळे वेग आला आणि मग थांबायचं कसं हा प्रश्न आला. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या टेकड्यांवर वस्तीतले रस्तेसुद्धा उभ्या उताराचे आहेत. खाली बसून एक हात रस्त्यावर टेकायचा आणि बोर्ड आडवा घालून घासत न्यायचा, ही कोलमन स्लाइड तिथलीच. हाताखाली काहीतरी हवं म्हणून कामगारांच्या चामडी हातमोज्याला कडक प्लास्टिकचा तुकडा लावला गेला. त्याच दशकात दक्षिणेकडे सिग्नल हिलवर उतारावरच्या वेगाच्या स्पर्धा गाजल्या खऱ्या, पण ग्लोव्हच्या घडणीत बर्कलीचा वाटा मोठा मानायला हवा.

त्यानंतर बराच काळ ही वस्तू ज्याने त्याने स्वतःच बनवायची, असंच चाललं. २००० नंतर तयार ग्लोव्ह मिळू लागले. व्हिडिओंमुळे स्लाइड ही केवळ थांबायची युक्ती राहिली नाही, तोच एक वेगळा खेळ झाला. बेळगावात रोलर स्केटिंगची आवड जुनी आहे. रिंकवर वाढलेल्यांपैकी काही जण २०१० नंतरच्या वर्षांत लाँगबोर्डकडे वळले, तेव्हा बाहेरून मागवलेला ग्लोव्ह खिशाला परवडणारा नव्हता. बोर्डसाठीच पैसे साठवलेले असायचे. म्हणून ग्लोव्ह घरी बनवणं आलं.

परदेशी कृतींमध्ये पकसाठी पहिलं नाव असायचं भाजी चिरायच्या प्लास्टिक बोर्डाचं. तो एचडीपीईचा, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनचा. कमी दाबाखाली हे प्लास्टिक बनवायची रीत जर्मनीत १९५३ मध्ये सापडली आणि ते घरोघरी पोचलं. आपल्या स्वयंपाकघरात मात्र विळी होती. चॉपिंग बोर्ड उशिरा आला आणि आला तोही पातळ. पकला किमान १२ मिलिमीटर जाडी लागते, नाहीतर थोड्याच दिवसांत तळवा रस्त्याला लागतो. त्यामुळे इथल्यांची पावलं बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीकडे वळली. तिथल्या लेथवर बुश आणि वॉशर कापून उरलेले नायलॉनचे आणि डेलरिन या कडक प्लास्टिकचे कटपीस मिळतात. पांढरे तुकडे सगळे सारखेच दिसतात, पण पाण्याच्या बादलीत टाकले की निवाडा होतो. पॉलिइथिलीन तरंगतं, नायलॉन आणि डेलरिन बुडतात. नायलॉन पाणी शोषून फुगतं, म्हणून आपल्या पावसाळी भागात ते मागे पडलं. डेलरिन टिकलं, कारण एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि डेलरिन जवळजवळ १७५ अंशांपर्यंत तग धरतं. लांब स्लाइडमध्ये हा फरक हाताला जाणवतो.

आता मूळ वाद. पॉलिइथिलीनवर कुठलाही गोंद धड चिकटत नाही. सुपरग्लूची बाटलीच या प्लास्टिकची असते, यावरून काय ते समजावं. डेलरिनही गोंदाच्या बाबतीत तितकंच हट्टी. वेल्क्रोच्या मागचा आयता चिकट थर तर उन्हात तापलेल्या रस्त्यावर दोन-तीन स्लाइडमध्येच मऊ पडतो. वेल्क्रो ग्लोव्हवर राहतो आणि पक रस्त्यावर घरंगळत जातो. वेगात असताना असं झालं तर पुढच्या क्षणी चामडं घासू लागतं आणि त्यापुढे हाताची कातडी. स्क्रूवाल्यांचं म्हणणं इथून सुरू होतं आणि ते खोटं नाही. चार बोल्ट, डोकी पकमध्ये खोल बसवलेली, आतून वॉशर आणि नट. पक सुटायचा प्रश्नच उरत नाही.

माझं मत तरीही स्क्रूच्या विरोधात आहे आणि त्याचं पहिलं कारण वेल्क्रोच्या स्वभावात आहे. १९५०च्या दशकात पेटंट झालेली ही पट्टी आडवी ओढली तर घट्ट धरते, कडेने सोलली तर सहज सुटते. स्लाइडमध्ये हाताचा भार पकवर खाली दाबतो आणि रस्ता त्याला आडवं ओढतो, म्हणजे पट्टी जिथे बळकट आहे तिथेच जोर येतो. पण पकची कड डांबरातल्या भेगेत किंवा सांध्यावर अडकली, तर पट्टी सोलली जाते आणि पक निघून जातो. हात मोकळा होतो. बोल्टने आवळलेला पक मात्र सोडत नाही, सगळा हिसका मनगटाला बसतो. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आहे. हातावर पडताना ते मोडतं आणि रक्तपुरवठा कमी असल्याने जुळायला फार वेळ घेतं. पक हरवलेला परवडतो. शिवाय नट तळव्याला टोचतात, आणि पक झिजत गेला की बोल्टची डोकी उघडी पडतात. धातू डांबरावर ठिणग्या उडवतो आणि मधेच धरतो. पकच्या कडा घासून गोल केल्या तर अडकायचं प्रमाण बरंच कमी होतं, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. पण आमच्या भागातले रस्ते पाहता नुसत्या त्या गोलाईवर मनगट सोपवणं मला पटत नाही.

मग वेल्क्रो पकवर टिकवायचा कसा? बाहेरचा उपाय असा की पकचा पृष्ठभाग खरखरीत करायचा, त्यावरून ज्योत झटकन फिरवायची आणि लगेच इपॉक्सी लावायचं. ज्योतीने पृष्ठभाग बदलतो आणि गोंद धरतो. हे जमतं, पण हाताला सवय हवी, ज्योत जरा रेंगाळली की कड वितळते. बेळगावात दुसरी वाट निघाली. लेथवर पकची वरची कड पायरीसारखी ठेवायची, साधारण ४ मिलिमीटर जाडीची. ती रस्त्यापासून उंच राहते, तिला बारीक भोकं पाडायची आणि काट्यांचा वेल्क्रो मेणाच्या दोऱ्याने शिवून घ्यायचा. मऊ बाजू ग्लोव्हवर, तीही शिवलेलीच. गोंदावर भार राहत नाही आणि झटका बसला तर सुटण्याचा गुण शाबूत राहतो. हे काम शिंप्याचं नाही. आरी चालवणारा चांभारच ते नीट करतो.

ही आरी इथे जवळच होती. कोल्हापुरी चप्पल खिळ्याशिवाय, चामड्याच्याच वादीने शिवायची रीत आहे आणि अथणी-निपाणीकडची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या ती शिवत आली आहेत. नाव कोल्हापूरचं, बाजार कोल्हापूरचा, पण हात बऱ्याचदा इकडचे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या बरोबरीने बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे कर्नाटकातले जिल्हेही धरले गेले. दोन राज्यांचे जिल्हे एका नावाखाली आले, हे कारागिरांच्या दृष्टीने योग्यच झालं.

ग्लोव्हचं चामडं मात्र चपलेचं असून भागत नाही. बोटं वाकायला हवीत, म्हणून मूळ हातमोजा हार्डवेअरच्या दुकानातला वेल्डिंगचा घ्यावा. तो क्रोमने कमावलेला, मऊ आणि उष्णता सोसणारा असतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं चामडं ताठ असतं. त्याचा तुकडा तळव्यावर पकच्या मागे लावला की दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. हे चामडं ओलं असताना तापलं तर क्रोमच्या चामड्यापेक्षा लवकर आकसतं, एवढं लक्षात ठेवावं.

अलीकडे वादाला वेगळं वळण लागलं ते कोरियन (Corian) नावाच्या कृत्रिम दगडामुळे. एका अमेरिकन रसायन कंपनीत १९६७ मध्ये तयार झालेला हा पदार्थ म्हणजे अ‍ॅक्रिलिक आणि त्याच्या जवळपास दुप्पट खनिज भुकटी. परदेशात तो ओट्यासाठी गाजला, आपल्याकडे देवघरांसाठी. पांढरी, मागून दिवे लावलेली कोरियनची देवघरं बनवणाऱ्यांकडे १२ मिलिमीटर जाडीचे तुकडे उरतात. कोरियन ओघळत नाही, झिजून भुकटी होतं, म्हणून घसरण शेवटपर्यंत एकसारखी राहते. आणि त्यावर इपॉक्सी पक्कं धरतं. पायरी नको, भोकं नकोत. वजन जास्त आणि दगडावर आपटलं तर कड उडते, हे दोन दोष आहेत. नव्याने शिकणारा हात आपटत टेकतो, त्याच्यासाठी डेलरिनच बरं.

स्क्रूची बाजू घेणारेही थांबलेले नाहीत. ते आता नायलॉनचे स्क्रू वापरतात. पकबरोबर तेही झिजतात, ठिणगी उडत नाही, धातू रस्त्याला लागत नाही. माझ्या आक्षेपांपैकी एक यामुळे खरोखरच निकालात निघाला. पक अडकल्यावर हात सुटण्याचं काय, याला मात्र त्या स्क्रूनेही उत्तर दिलेलं नाही. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या उतारावर सकाळी सराव करणाऱ्यांकडे सध्या दोन्ही तऱ्हेचे ग्लोव्ह दिसतात.