मण्यारदंश आणि चेतासंधीतील प्रथिने

चेतासंधी (सिनॅप्स) : एक चेतापेशी पुढच्या पेशीला निरोप देते ती जागा. मेंदूत ती दोन चेतापेशींमध्ये असते. चेतातंतू स्नायूला भिडतो तिथेही असते. मेंदूतील संधीची फट सुमारे २० नॅनोमीटर. अलीकडचे न्यूरेक्सिन आणि पलीकडचे न्यूरोलिजिन ही प्रथिने फटीपलीकडून एकमेकांना धरतात. पीएसडी-९५ हे प्रथिन ग्राहींना, म्हणजे निरोपाचे रसायन झेलणाऱ्या प्रथिनांना, जागेवर रोखते. या रसायनाच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पेशीच्या कडेशी जुळवून रिकाम्या करण्याचे काम सिन्टॅक्सिन, स्नॅप-२५ व सिनॅप्टोब्रेव्हिन यांचे. या यंत्रणेवरील संशोधनासाठी थॉमस सुडॉफ यांना २०१३ चे नोबेल जेम्स रॉथमन व रँडी शेकमन यांच्यासह मिळाले. स्नायूकडच्या संधीत ॲग्रिन हे प्रथिन ग्राहींना एकत्र आणते.

या प्रथिनांच्या अभ्यासाला सापाच्या विषाने मोठा हात दिला. १९६३ मध्ये तैवानात चांग व ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. ते ग्राहीला घट्ट चिकटते, म्हणून त्याच्याच आधारे ॲसिटिलकोलीनचा, म्हणजे स्नायूला निरोप देणाऱ्या रसायनाचा, ग्राही हाती लागला.

बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात भात, ऊस आणि रान एकमेकांना लागून आहेत. मण्यार रात्री फिरते आणि भुईवर झोपलेल्याला चावते. सूज जवळजवळ येत नाही, दुखतही नाही. त्यामुळे पान लागल्याचे (साप चावल्याचे) ध्यानात येते ते पोटात कळा येऊन पापण्या जड झाल्यावर. मण्यारीचे विष ग्राहीला चिकटतेच, पण मुख्यतः चेतातंतूच्या टोकात शिरून पुटिकांची यंत्रणाच निकामी करते. नागाचे विष मुख्यतः पलीकडच्या ग्राहीवर बसते.

सर्वांत महत्त्वाचे हे, की विष सहसा मेंदूपर्यंत पोचत नाही. माणूस हलत नाही, बोलत नाही, बुबुळेही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, तरी तो ऐकत असू शकतो. असा रुग्ण गेला असे समजून घरी नेणे ही भयंकर चूक होय. कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवला, तर तंतूंची टोके काही दिवसांत ते आठवड्यांत पुन्हा वाढतात. प्रतिविष रक्तातील विषाला निष्प्रभ करते, झालेली मोडतोड दुरुस्त करत नाही. म्हणून मंत्रतंत्रात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. नागदंशात निओस्टिग्मीन हे ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारे औषध अनेकदा उपयोगी पडते, कारण संधीत ॲसिटिलकोलीन वाढले की ते विषाशी स्पर्धा करते. मण्यारदंशात मात्र बाहेर पडायला ॲसिटिलकोलीनच नसते, त्यामुळे त्याचा फारसा लाभ होत नाही.