घासाघासाने जवळ आलेला ससा

पाळण्यात खेळण्यांशी रमलेल्या पीटरच्या मागून हळूच एक पांढरा उंदीर आत सोडला गेला. तो दिसताच पोरगं किंचाळलं आणि उताणं पडलं. पीटरला उचलून खुर्चीवर बसवलं आणि त्याच पाळण्यात बार्बरा नावाच्या मुलीला ठेवलं. तिने उंदीर सरळ हातात घेतला. पीटरची मण्यांची माळ आत राहिली होती. उंदीर माळेला लागला की पीटर कुरकुरायचा, ‘माझे मणी!’ बार्बराने हात लावला तर मात्र तक्रार नाही.

हे सगळं बारकाईने टिपून ठेवणारी मानसशास्त्राची संशोधक होती मेरी कव्हर जोन्स. पीटर तेव्हा २ वर्षं १० महिन्यांचा होता. उंदरापेक्षाही त्याला सशाची धास्ती जास्त. फरचा कोट, पिसं, कापूस यांनाही तो भ्यायचा.

मेरीचा जन्म १८९७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनचा. १९१९ मध्ये ती व्हासर कॉलेजातून पदवीधर झाली. त्याच सुमाराला तिने न्यूयॉर्कमध्ये जॉन वॉटसन यांचं व्याख्यान ऐकलं. मनात काय चाललंय ते सोडून फक्त दिसणारं वागणं अभ्यासावं, या वर्तनवाद नावाच्या विचाराचे ते प्रवर्तक. वॉटसननी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती ‘शिकवली’ होती. उंदीर समोर आला की बाळाच्या मागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणायचा. थोड्याच दिवसांत नुसता उंदीर पाहून बाळ रडू लागलं. ती भीती काढून टाकण्याआधीच अल्बर्टला तिथून नेण्यात आलं. मला या प्रयोगाचं कौतुक कधीच वाटलेलं नाही. मेरीच्या मनात मात्र त्यातून एक प्रश्न रुजला: भीती शिकता येते, तर विसरताही येईल का?

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात काम करताना तिने ३ महिने ते ७ वर्षं वयाची ७० मुलं निवडली आणि घरोघरी चालणारे उपायच तपासायला घेतले. काळ जाऊ द्यावा, समजूत घालावी, लक्ष दुसरीकडे वळवावं, चारचौघांत चिडवावं. आपल्याकडे ज्याला ‘भित्री भागूबाई’ म्हणून हिणवणं म्हणतात, तेही त्यात आलं. एका मुलीशी रोज सशाच्या गोष्टी केल्या. ती सशाबद्दल भरभरून बोलू लागली, पण खरा ससा पुढे आणला तर भीती होती तशीच. खात्रीने उपयोगी पडले दोनच मार्ग: न घाबरणाऱ्या मुलांच्या संगतीत ठेवणं, आणि भीतीच्या वस्तूची सांगड एखाद्या आवडत्या गोष्टीशी घालणं.

पीटरवर आधी पहिला मार्ग वापरला. तीन न भिणाऱ्या मुलांबरोबर आणि सशाबरोबर त्याला रोज खेळायला ठेवलं, आणि तो सुधारत चालला. मग त्याला स्कार्लेट फीव्हर, म्हणजे अंगावर लाल पुरळ आणणारा संसर्गाचा ताप, झाला आणि दोन महिने इस्पितळात गेले. तिथून निघताना टॅक्सीत चढत असताना एक मोठा कुत्रा त्याच्यावर आणि सोबतच्या नर्सवर धावून आला. केलेलं सगळं मातीत.

तेव्हा दुसरा मार्ग काढला. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा. त्याचा घास थांबणार नाही, इतकाच जवळ. या बेताच्या अंतरातच सगळं कौशल्य होतं. घाई केली असती तर सशाची भीती अन्नालाच चिकटली असती, हे मेरीने स्वतः लिहून ठेवलंय.

तिच्या नोंदींतल्या पायऱ्या वाचताना मी दर वेळी रेंगाळतो. आधी पीटरला ससा १२ फुटांवर असलेला चालतो, मग ४, मग ३. मग पिंजरा अगदी शेजारी, मग ससा खोलीत मोकळा. मधली एक पायरी तर फारच आवडते: पीटर सशावर थुंकतो, वस्तू फेकतो, त्याची नक्कल करतो. एरवी मोठ्यांनी यावर पाठीत धपाटा घातला असता. मेरीने ती प्रगती मानली. पुढे ससा मांडीवर आला, आणि शेवटी पीटरने त्याला आपली बोटं कुरतडू दिली. कापूस, कोट, पिसं यांची भीतीही ओसरली.

पीटरवरचा मेरीचा निबंध १९२४ मध्ये छापला गेला आणि कित्येक वर्षं फारसा कुणी वाचला नाही. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पी यांनी मोठ्या माणसांच्या भीतीवर पायरीपायरीने उपचार सुरू केले, तेव्हा त्याचं मोल कळलं. अशा, वागणं बदलून बरं करणाऱ्या उपचारांना वर्तनोपचार म्हणतात; मेरीला ‘वर्तनोपचाराची आई’ म्हणणारे वोल्पीच.

ती तोवर कुठल्या कुठे गेली होती. १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळवून पुढच्या वर्षी नवरा हॅरॉल्ड जोन्स यांच्याबरोबर ती कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात आली. नवरा-बायकोला एकाच विद्यापीठात नेमू नये या नियमामुळे तिला प्राध्यापकपदाच्या वाटेवर पाऊल टाकायलाच १९५२ उजाडलं. हा अन्यायच होता. पण काम थांबलं नाही. १९३२ मध्ये जवळच्याच ओकलंड शहरातल्या सुमारे २०० शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू झाला होता, आणि त्या मुलांचे केस पिकेपर्यंत मेरीने त्यांचा माग सोडला नाही. लवकर वयात आलेली आणि उशिरा वयात आलेली मुलं पुढे कशी घडतात, यावरचं तिचं काम यातूनच आलं.

१९७४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ती पीटरकडे पुन्हा वळली. आता एखाद्या तीन वर्षांच्या पोराची नुसती भीती वेगळी काढून तिच्यावर इलाज करण्यात माझं समाधान होणार नाही, अशा आशयाचं तिने लिहिलं. ते अख्खं, गुंतागुंतीचं माणूस आधी समजून घ्यावंसं वाटेल. पीटर बरा होऊन घरी जाणार होता, तेव्हा त्या घरच्या ताणाची काळजी तिने १९२४ च्या निबंधातच नोंदवली होती.