धातूवर बसलेला रेणू किती वेळ थरथरतो?

कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत अणू दोनच. त्यांच्यातला बंध सतत आखडतो, ताणतो, आणि अशा एका कंपनाला जेमतेम १६ फेमटोसेकंद लागतात. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद, आणि त्याचाही हजारावा भाग म्हणजे फेमटोसेकंद.

हा रेणू अतिथंड मिठाच्या स्फटिकावर बसवून अवरक्त प्रकाशाने त्याचं कंपन वाढवलं, तर ती जादा ऊर्जा काही मिलिसेकंद टिकते. तांब्यावर किंवा प्लॅटिनमवर ती साधारण दोन पिकोसेकंदांत नाहीशी होते. रेणू तोच, फरक अब्जपटीहून जास्त!

इतका अल्प काळ मोजणारं घड्याळ कुठून आणायचं? इथली युक्ती मला फार सुंदर वाटते. अवरक्त लेसरचा पहिला स्पंद, म्हणजे प्रकाशाचा अगदी क्षणिक झोत, रेणूला हलवतो, मागून येणारा दुसरा स्पंद त्याची अवस्था टिपतो. दोघांमधलं वेळेचं अंतर दुसऱ्या स्पंदाच्या वाटेतल्या आरशाने ठरतं. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. म्हणून आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला, की जाऊन-येऊन दुसऱ्या स्पंदाला बरोबर एक पिकोसेकंद उशीर होतो. वेळ मोजायची ती लांबीवरून. प्रयोग मात्र कठीण, कारण पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर असतो आणि त्यावर दुसरं काही चिकटू नये म्हणून अतिनिर्वात, म्हणजे जवळजवळ पूर्ण पोकळी, लागतो.

मग ऊर्जा जाते कुठे? मिठातले इलेक्ट्रॉन जखडलेले असतात आणि स्फटिकाची स्वतःची कंपनं रेणूच्या मानाने फार संथ, त्यामुळे ऊर्जा घ्यायला जवळ कुणी नसतं. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन कितीही लहान-मोठा वाटा उचलू शकतात. घंटा वाजताक्षणी मुठीत धरावी, तसं ते कंपन विझवतात. म्हणजे धातू हा रेणूखालचा नुसता पाट नव्हे, तो व्यवहारातला भागीदार आहे.

हा व्यवहार उलटही चालतो. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतल्या गटाने १९९९मध्ये रुथेनियम या धातूवर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र बसवले. धातू नेहमीसारखा तापवला, तर कार्बन मोनॉक्साइड नुसता उडून गेला. फेमटोसेकंद लेसरने इलेक्ट्रॉन क्षणात तापवले, तेव्हा मात्र त्यांनी ऑक्सिजनचा धातूशी असलेला बंध सैल केला आणि कार्बन डायऑक्साइड तयार झाला.