टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटना: ११ जुलैच्या संपापासून ग्रामीण डाक सेवकांपर्यंत

एप्रिल २०२३ मध्ये टपाल खात्याने ‘नॅशनल फेडरेशन ऑफ पोस्टल एम्प्लॉइज’ म्हणजे एनएफपीई या महासंघाची आणि त्यातल्या ‘क’ गटाच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. शेतकरी आंदोलनाला निधी दिला, हा त्यांच्यावरच्या ठपक्यांपैकी एक. मान्यता गेली की पगारातून परस्पर कापली जाणारी वर्गणी थांबते आणि खात्याबरोबरच्या बैठकीचं निमंत्रणही येत नाही. टपाल कामगारांवर हा प्रसंग पहिल्यांदा आलेला नाही, म्हणून थोडं मागे जायला हवं.

११ जुलै १९४६. महायुद्धाने महागाई गगनाला भिडवली होती. नौसैनिकांचा उठाव होऊन पाच महिनेही झाले नव्हते. वेतन आयोग नुकताच नेमला गेला होता, पण त्याच्या अहवालाची वाट बघत बसणं पोटाला परवडणारं नव्हतं. अशा वेळी पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले कर्मचारी संपावर गेले. त्यांच्या संघटनेचं नेतृत्व मुंबईचे व्ही. जी. दळवी करत होते. दारोदार बटवडा करणारा माणूस खात्याच्या उतरंडीत अगदी तळाशी, आणि सुरुवात त्याने केली, हे मला फार मोलाचं वाटतं. तारखात्यातले आणि इतर कर्मचारी नंतर त्याच्या मागे आले. २९ जुलैला या संपाच्या पाठिंब्यासाठी अख्खं कलकत्ता बंद राहिलं. जवळजवळ चार आठवड्यांनी, बऱ्याच मागण्या पदरात पाडून, संप मिटला.

स्वातंत्र्यानंतर विखुरलेल्या संघटना १९५४ मध्ये एका महासंघाखाली आल्या. टपाल आणि तार तेव्हा एकच खातं होतं. पुढे १९८५ मध्ये दूरसंचार वेगळं झालं आणि संघटनाही विभागल्या.

१९६० चा संप पुन्हा ११ जुलैच्याच मध्यरात्री सुरू झाला. या वेळी केंद्र सरकारचे सगळेच कर्मचारी होते. संरक्षण कामगारांच्या बाजूने एस. एम. जोशी पुढे होते. मागणी गरजेवर आधारित किमान वेतनाची आणि महागाईशी जोडलेल्या भत्त्याची. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवला. पाच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. हजारोंना अटक झाली, अनेकांना निलंबित केलं गेलं आणि संघटनांची मान्यताही गेली. वाटाघाटींसाठी कायमची संयुक्त सल्लागार यंत्रणा मिळाली ती १९६६ मध्ये. ती सरकारने आपणहून दिली, असं मला तरी म्हणवत नाही.

आज तळाशी उभा आहे तो ग्रामीण डाक सेवक. देशातली बहुसंख्य टपाल कार्यालयं ही शाखा डाकघरं आहेत, आणि ती हेच लोक चालवतात. शाखा पोस्टमास्तरला जागाही स्वतःच द्यावी लागते. त्यामुळे बऱ्याच गावांत पोस्ट म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली: एक टेबल, तारखेचा शिक्का, बचत खात्यांची पुस्तकं, आणि आतून येणारा स्वयंपाकाचा वास. काम कागदावर चार-पाच तासांचं, आणि उपजीविकेचं दुसरं साधन असणं ही नोकरीची अट. हे लोक सरकारच्या नागरी, म्हणजे मुलकी सेवेतल्या पदावर आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं, तरी खात्याचे नियमित कर्मचारी ते झाले नाहीत.

मे २०१८ मध्ये, ग्रामीण डाक सेवकांच्या वेतन आणि सेवाशर्तींसाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी लागू करा म्हणत ते संपावर गेले. सोळा दिवस गावोगावचे ते टेबल बंद होते. ६ जूनला मंत्रिमंडळाने सुधारित वेतन मंजूर केलं: शाखा पोस्टमास्तरला चार तासांसाठी किमान १२,००० रुपये. खात्यातल्या नियमित नोकराचा दर्जा आणि त्यासोबत येणारं निवृत्तिवेतन मात्र त्या निर्णयात नव्हतं.