डीझेल एंजिन : जर्मनीतील आरंभकाळ

ठिणगीशिवाय, केवळ दाबून तापवलेल्या हवेत इंधन पेटवणारे अंतर्ज्वलन एंजिन. रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी म्यूनिकमध्ये शिकत असताना कार्ल फोन लिंडे यांच्या व्याख्यानांतून उष्मागतिकी (उष्णता व यांत्रिक कार्य यांच्या संबंधाचे शास्त्र) आत्मसात केली. वाफेच्या एंजिनात कोळशातील बहुतांश उष्णता वाया जाते, ही गोष्ट तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून होती. १८९२ मध्ये त्यांनी एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि पुढच्या वर्षी आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना व क्रुप ही पेढी यांनी प्रयोगांचा खर्च उचलला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या एंजिनात इंधन सोडताच सिलिंडरातील दाब सुमारे ८० वातावरणांपर्यंत (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ८० पट) चढला आणि दाबदर्शक उपकरण फुटले. एंजिन चालले नाही, पण दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, आजवर कारखान्याच्या पट्ट्याने फिरवावे लागणारे हे यंत्र मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या गतीने जेमतेम एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले. खरे यश तीन वर्षांनी आले. २५० मिमी व्यासाचा सिलिंडर आणि ४०० मिमी धाव (दट्ट्याचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास) असलेल्या नव्या एंजिनाची प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी तपासणी केली, तेव्हा त्याने मिनिटाला १५४ फेऱ्यांना सुमारे १८ अश्वशक्ती दिली आणि त्याची कार्यक्षमता २६·२ टक्के भरली. त्या काळच्या सामान्य वाफएंजिनाला १० टक्के गाठणेही कठीण जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

या यशाचे मर्म इंधन आत सोडण्याच्या रीतीत होते. दबलेल्या हवेत तेल नुसते ढकलून त्याचा बारीक फवारा होत नसे, म्हणून सिलिंडरातील दाबाच्या जवळजवळ दुप्पट दाबाची हवा वेगळ्या कॉम्प्रेसरमधून आणून तिच्या झोतासरशी तेल आत उडवले जाई. ज्वलन त्यामुळे स्वच्छ झाले, परंतु एंजिन अवजड व महाग झाले, शक्तीचा काही वाटा कॉम्प्रेसरच खाऊ लागला आणि बिघाडाचे एक नवे ठिकाण निर्माण झाले. प्रारंभीच्या डीझेलचा पुढचा इतिहास म्हणजे मुख्यतः या कॉम्प्रेसरशी झालेली झटापट होय.

व्यवहारातील पहिले एंजिन १८९८ मध्ये केम्प्टेन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात बसले. ते दोन सिलिंडरांचे व ६० अश्वशक्तीचे होते. पहिल्या ग्राहकांना बिघाडांनी हैराण केले, आणि एंजिन भरवशाचे करण्याचे श्रेय डीझेल यांच्याइतकेच आउग्सबुर्गचे अभियंता इमानुएल लाउस्टर यांनाही द्यायला हवे. १९०४ मध्ये कीव्हच्या ट्रामच्या वीजगृहात प्रत्येकी ४०० अश्वशक्तीची चार एंजिने बसली. वीजगृहांत हे यंत्र रुळले, कारण तेथे ते ठरावीक गतीने, एकाच दिशेने फिरत राहिले तरी चालते.

जहाजावर मात्र उलट फिरणेही आवश्यक असते. त्यासाठी झडपा हलवणारे कॅम (उंचवटा असलेल्या चकत्या) दंडावर सरकवून दुसरा संच लागू करण्याची आणि दाबलेल्या हवेने एंजिन उलट्या दिशेने सुरू करण्याची व्यवस्था विकसित झाली. जर्मन पाणबुड्यांवर आधी रॉकेलची एंजिने होती. त्यांचा पांढरा धूर लांबून दिसे. १९१३ मध्ये सेवेत आलेल्या यू-१९ पासून त्यांची जागा डीझेलने घेतली.

मोठ्या युद्धनौकांसाठी न्यूरेंबर्ग येथे सहा सिलिंडरांचे, दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ज्वलन होणारे १२,००० अश्वशक्तीचे एंजिन बनवण्यास घेतले गेले. जानेवारी १९१२ मध्ये चाचणीदरम्यान झालेल्या अपघातात १० माणसे दगावली. काम तरीही चालूच राहिले आणि १९१७ मध्ये एंजिन चाचणीत उतरले, पण ज्या प्रिन्सरेगेंट लुइटपोल्ड या युद्धनौकेसाठी ते योजले होते, ती तोवर केवळ टर्बाइनांवर समुद्रात उतरली होती.

कॉम्प्रेसरपासून सुटका करण्याची एक वाट बेन्झ कारखान्यातील प्रॉस्पेर लोरांज यांनी १९०९ च्या सुमारास पूर्वकक्षाच्या (सिलिंडराला जोडलेला, ज्वलन जेथे सुरू होते असा छोटा कक्ष) रचनेतून दाखवली. पहिल्या महायुद्धानंतर उच्च दाबाचे इंधनपंप विश्वासार्ह झाले, तसतशी हवेच्या झोताची पद्धत नव्या एंजिनांतून मागे पडत गेली.